आतला खिसा

४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी 'बरी आहे' म्हणून सुटते आणि पत्रात थापा मारायला मला वेळ लागतो, असं तुझंच म्हणणं. म्हणून पत्र. तर बातमी अशी की दंडावर चिकटवून रक्तातली साखर दाखवणारं यंत्र बनवणारी एक कंपनी आमच्यासारख्या, म्हणजे इन्शुलिनवर जगणाऱ्या सहा जणांना एका बर्फाच्या शिखरावर नेणार आहे. दिवसभर मान मोडून लोकांच्या कवळ्या घासणारी तुझी भाची त्या सहांत आहे! पोस्टरवर चेहरासुद्धा माझाच असणार, आणि खाली ओळ, 'मी थांबत नाही.' जाहिरातवाल्या बाईंना माझं हसू आवडलं. मी त्यांना सांगून टाकलं की दात अस्सल आहेत, आमच्या लॅबमधले नाहीत.

बाबा म्हणाले, आत्या हो म्हणाली तर जा. आईच्या भांड्यांचा आवाज मात्र दोन दिवस जरा जास्त येतोय.

दोन गोष्टी मागायच्या आहेत. एक, डोंगरावर घालायचं जॅकेट तू शिवशील का? नवव्या वर्षापासून माझ्या प्रत्येक कपड्याला आतून तुझा साखरेचा खिसा आहे, विकतच्या जॅकेटला तो कुठून येणार? दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. घरात आणखी कुणाला हा आजार आहे का, असं त्या बाईंनी विचारलं. मी विषय बदलला. तुझं सांगू का? आत्या आणि भाची एकत्र म्हटल्यावर त्या हरखून जातील.

रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझ्या रागाची आणि लोभाची सारखीच हक्कदार,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

जा. तुझ्या बापाला सांग, मी हो म्हटलंय. वहिनीची भांडी आपोआप शांत होतील, ती भीतीची भांडी आहेत, रागाची नव्हेत.

माझं नाव मात्र काढायचं नाही. बत्तीस वर्षं मी हे दुकान चालवते आहे आणि ट्रायल रूमच्या दाराआड सुई टोचून घेते. एकाही गिऱ्हाइकाला पत्ता नाही. तुला हे हसण्यासारखं वाटेल. पण पहिल्या कारखान्यात मी मशीनवर चक्कर येऊन पडले, तेव्हा मालकाने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि संध्याकाळी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. तेव्हापासून मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

जॅकेट घेतलंय शिवायला. खिसा डाव्या बाजूला, आतून, बरगडीपाशी. त्याला बटण लावणार नाही. साखर उतरली की बोटांना बटण कळत नाही, हे मला पुस्तकात वाचावं लागलेलं नाही. दोरीचा फास ठेवते, हातमोज्यानेही ओढता येईल आणि वेळ आली तर दातानेही. दात अस्सल आहेत म्हणतेस, तर होऊ दे उपयोग. साखरेच्या बारा वड्या मावतील. बाहेरून शिवण दिसणार नाही, याची हमी माझी.

गरम मोजे दोन जोड ने. दंडावरच्या त्या यंत्रावर एवढी विसंबू नकोस, यंत्रालाही थंडी वाजत असेल.

तुझा लोभ असतोच, पत्रंही असू देत.

आत्या


२० मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पायथ्याशी येऊन आठ दिवस झाले. एका लांबट खोलीत लोखंडी खाटा ओळीने मांडल्यात, खिडकीला फट आहे आणि तिच्यात कोणीतरी वर्तमानपत्र कोंबून ठेवलंय. रोज चढायचं, उतरायचं आणि साखर मोजायची. माझ्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतो. ते चढतानाही मागून कोणी येतंय का ते वळून बघतात. साखरेच्या वड्या टोपीच्या घडीत ठेवतात आणि दर तासाला टोपी काढून सगळ्यांना वडी हवी का विचारतात. मला मेलीला हसू येतं.

तुझ्या जॅकेटचं सगळ्यांनी कौतुक केलं. खिशाचं कुणालाच कळलं नाही, हे तुझ्या शिवणीचं खरं कौतुक. शिखरावरचे फोटो मात्र कंपनीच्या पिवळ्या जॅकेटमध्ये काढायचे आहेत.

पोस्टर छापून आलं. मी इतकी छान दिसते की मला माझाच हेवा वाटला. पोटावर सुयांचे निळे डाग होते, ते पुसून टाकलेत. सुई हातात घेतलेला एक फोटो मला आवडला होता, पण बाई म्हणाल्या की लोकांना सुई बघवत नाही, उमेद बघवते. असेल बाई! दाखवायचे दात वेगळे असतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत.

पुढच्या महिन्यात शिखर. माझी आठवण काढत जा, पण काळजी करून स्वतःची साखर वाढवू नकोस.

तुझी, सध्या पायात फोड आलेली,
भिंगरी


२८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू माझ्या दुकानासमोरच येऊन ठेपली आहेस. औषधाच्या दुकानावर दोन पुरुष उंचीची तू, आणि दिवसभर माझ्याकडे बघून हसतेस. पहिल्या दिवशी मी कात्री हातात धरून उभीच राहिले. फोड तुझ्या पायाला आले आणि डोळ्यांत पाणी इथे आलं.

पण आज एक गोष्ट घडली, ती सांगते. एक बाई मुलीच्या शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला आल्या होत्या. मुलगी अकरा वर्षांची, चार महिन्यांपूर्वी तिला आपलाच आजार निघाला. आईने ते माझ्या कानाशी येऊन सांगितलं, जणू मुलीने चोरी केली होती. मग पोस्टरकडे बोट दाखवून मुलीला म्हणाल्या की बघ, ती ताई थांबत नाही आणि तू शाळेतून आलीस की दमले म्हणून आडवी होतेस. मुलगी मान खाली घालून माझ्या टेपकडे बघत राहिली.

मी बोलायला हवं होतं. दमणं खरं असतं, एवढं एक वाक्य. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलता आलं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. टाचण्या चारच होत्या.

तू मात्र हे मनाला लावून घेऊ नकोस. नीट चढ आणि त्याहून नीट उतर. वर जाणाऱ्याचं कौतुक जग करतं, घरच्यांना परत आलेली माणसं हवी असतात.

माझा जीव तुझ्या खिशात आहे, सांभाळ.

आत्या


१९ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी लिहिते. बाबांनी फोनवर सांगितलं असेलच. आता जे मी त्यांनाही सांगितलं नाही, ते तुला सांगते. मी शिखरावर पोचले नाही.

शिखर तासाभरावर होतं. वर वारा फार असेल म्हणून फोटोवाल्याने तिथेच जॅकेटं बदलायला लावली. मी तुझं जॅकेट काढून पिशवीत टाकलं, पिवळं चढवलं, आणि पिशव्या तिथेच ठेवून आम्ही निघालो. साखर काढून घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आत्या, नवव्या वर्षापासून साखर माझ्या कपड्यातच असते. ती वेगळी उचलायची असते, हे मला माहीतच नाही!

अर्ध्या तासाने हात कापायला लागले. दंडावरचं यंत्र थंडीने केव्हाच गप्प झालं होतं. मी डाव्या बाजूला दोरी शोधत राहिले. सगळे विचारत होते की तुझी साखर कुठे आहे, आणि मला शब्द सापडत नव्हता. ड्रायव्हरकाकांची टोपी सगळ्यांना ठाऊक होती, माझा खिसा कुणालाच नाही. शेवटी त्यांनीच टोपीतल्या वड्या एकेक करून माझ्या तोंडात घातल्या. मी त्यांना हसले होते ना, तीच टोपी. एक वाटाड्या मला खाली घेऊन निघाला, तेव्हा काकाही शिखराकडे पाठ करून माझ्याबरोबर आले. म्हणाले, आयुष्यभर एकही प्रवासी अर्ध्या वाटेत उतरवला नाही. बाकीचे चौघे वर पोचले.

आता कंपनीचं म्हणणं असं, की हवा बिघडली म्हणून परतले असं मी सांगावं. आजाराने परतले म्हटलं, तर पोस्टरवरच्या ओळीचं काय? त्या बाई दमदाटी करत नाहीत, गोड बोलतात, म्हणून जास्त जड जातं. चार मे रोजी तुझ्याच गावातल्या सभागृहात आजारी मुलांच्या पालकांसमोर मला बोलायचं आहे. मला लाज वाटते आहे. हवेवर ढकललं की सुटले, असंही वाटतं.

झाकायचं कसं, ते तुझ्याइतकं कुणाला येतं? मला शिकव.

तुझी,
भिंगरी


२५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटची ओळ लागली. लागायलाच हवी होती.

शिकवते. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी ट्रायल रूममध्ये माझी साखर उतरली. आतून कडी घातलेली, मी जमिनीवर, आणि बाहेर गिऱ्हाईक ब्लाउज झाला का म्हणून हाका मारत होतं. ओ देऊन मदत मागितली असती, तर तिने दार तोडायला माणसं बोलावली असती. मी ओ दिली नाही. खिशातली साखर दाताने ओढून खाल्ली, घाम पुसला आणि बाहेर येऊन काज करायचे राहिलेत म्हणून सांगितलं. झाकायचं ते असं. जमतं. पण त्या दिवशी दोरी तुटली असती, तर कडी तोडेपर्यंत कुणालाच काही कळलं नसतं.

तू डोंगरावर विसरलीस, त्यात माझी चूक आहे. मी तुला साखर जवळ बाळगायला शिकवलंच नाही, लपवायला शिकवलं. आणि कौतुकाने शिकवलं.

तू काय बोलावंस ते मी सांगणार नाही. मी काय केलं, तेवढं सांगते. काल ती गणवेशवाली मुलगी आईबरोबर ट्रायलला आली. माझी सुईची वेळ झाली होती. दाराआड जायला उठले आणि तशीच परत बसले. कापायच्या टेबलापाशी, त्या दोघींसमोर, इन्शुलिनचं पेन काढलं आणि टोचून घेतलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. आई खुर्चीत मटकन बसल्या. मुलीने विचारलं की दुखतं का. मी म्हटलं, हो, कधी कधी. आणि कधी कधी मी दमतेही, मग दुकान अर्धा तास बंद ठेवते. तिने आईकडे बघितलं. आईंनी विचारलं की गणवेशाला साखरेचा खिसा लावता येईल का. आतून लावू का, असं मी सवयीने विचारलं. मुलगीच म्हणाली, बाहेरून. लाल.

त्या सभेला मी काही यायची नाही. माझ्याने गर्दीत बसवत नाही, तुला माहीत आहे.

जे बोलशील त्यानंतरही तू माझीच.

आत्या


६ मे

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

मागे पडद्यावर पोस्टरातली मी होते आणि पुढे माइकपाशी खरी. पोस्टरातली जास्त धीट दिसत होती. जाहिरातवाल्या बाईंनी लिहून दिलेला कागद मी घडी करून ठेवला आणि सांगितलं की हवा उत्तम होती. मी थांबले, कारण माझी साखर उतरली, आणि थांबले म्हणून इथे उभी आहे. जॅकेटचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. पहिल्या रांगेतल्या ड्रायव्हरकाकांना उभं केलं, तर तेही वळून मागे बघायला लागले.

सभागृहातले पालक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, घालवली मी सगळ्यांची उमेद. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने आपल्या लाल खिशात हात घातला, साखर काढली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. शेजारी तिची आई होती. तिने लेकीला आडोसा केला नाही, पाण्याची बाटली उघडून दिली. त्या खिशाचा टाका मी स्टेजवरून ओळखला.

जाहिरातवाल्या बाई रागावल्या नाहीत. थकल्यासारख्या हसल्या आणि पोस्टर उतरवावं लागेल म्हणाल्या. तुझ्या दुकानासमोरची भिंत आता रिकामी होईल, चुकल्याचुकल्यासारखं वाटू देऊ नकोस.

जॅकेट परत पाठवते आहे. खिसा उसवून बाहेरून लाव. रंग तू निवड.

आणि हो. सभेला यायची नव्हतीस ना? मग शेवटच्या रांगेमागे, दाराला टेकून, गळ्यात टेप तशीच ठेवून कोण उभं होतं? टाळ्या सुरू झाल्या त्या तिथून. तोंडात एकही टाचणी नव्हती, मी नीट बघितलं.

तुझीच,
भिंगरी