चुकीच्या बोटीतून मालचेसिनेला

जानकीपुरम, लखनऊ
६ ऑक्टोबर

प्रिय माणिक,

फोनवर गुडघ्यांचा विषय काढला की तुझ्या घरात लगेच कुकरची शिट्टी होते आणि तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. तुझ्या सुनेनं, जुईनं, मला सगळं सांगितलंय. गणपतीतसुद्धा तू जिना उतरून खाली आरतीला गेली नाहीस. कोल्हापुरात राहून आठ महिने अंबाबाईचं दर्शन नाही! वाईट वाटलं, आणि तितकाच रागही आला. पण राग नंतर. आधी इटली.

हो, मी जाऊन आले! लष्कराच्या छावणीत आपले क्वार्टर शेजारी-शेजारी होते तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं, आठवतं? त्यातलं सप्टेंबरचं पान, तळ्याकाठचा किल्ला आणि मागे डोंगर, आपण वर्षभर उलटलंच नाही. तेच ते गार्डा सरोवर. आमचा मुक्काम बार्दोलिनो नावाच्या गावात होता. द्राक्षांचे मळे पार घरांना येऊन टेकलेले, आणि जुनं दगडी चर्च इतकं साधं की मी सवयीनं चपला बाहेर काढून आत गेले. किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. आपल्या वयाच्या बायका पोहण्याच्या कपड्यांत खुशाल उन्हात पडलेल्या. मी सलवार वर खोचली आणि इथल्या चौक बाजारातून मुद्दाम घेतलेला चिकनकारीचा कुर्ता सांभाळत पाण्यात उभी राहिले. संध्याकाळी अर्धा पेला वाइनही प्यायले. मेसच्या पार्ट्यांत लिंबू सरबताचा ग्लास धरून कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या आपण! चव विशेष नाही, पण ऐट फार वाटली.

आता माझा पराक्रम ऐक. सीओसाहेबांच्या मिसेसनी आपल्याला लावलेली शिस्त, वेळेवर आलेली बाई म्हणजे उशिरा आलेली बाई. ती काही सुटत नाही. आमच्या टूरच्या ग्रुपची बोट दहाला होती, मी पावणेदहालाच धक्क्यावर. समोर बोट उभी. चढले, खिडकीची जागा पकडली, आणि बाकीच्यांच्या बेशिस्तीवर मनातल्या मनात तोंडसुख घेत बसले. बोट सुटली तेव्हा कळलं, ग्रुप दक्षिणेला जाणार होता आणि मी एकटीच उत्तरेला निघाले होते. आमचा टूर लीडर आदेश फोनवर रडकुंडीला आलेला. पुढच्या गावाला उतरा आणि जागच्या हलू नका म्हणत होता बिचारा. मी त्याला सांगितलं की दिवसभराचं तिकीट आहे, मी संध्याकाळी हॉटेलवर येते. आणि फोन बंद केला. उभ्या आयुष्यात नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या मागे-मागे चालत आलेली मी!

मालचेसिनेला उतरले. पाण्यातून वर आलेल्या खडकावर किल्ला आहे. तिथवर दगडी चढण, मग बुरुजाच्या पायऱ्या. मध्ये दोनदा थांबले, पाणी प्यायले, पण चढले. माणिक, अगदी वरपर्यंत चढले! खाली सगळं तळं, लाल कौलं, आणि चर्चची बाराची घंटा वाजायला लागलेली. मी कठड्याला धरून तुझ्या नावानं मोठ्यानं हाक मारली. शेजारचं गोरं जोडपं आधी दचकलं, मग टाळ्या वाजवायला लागलं. मला रडू आवरेना. हे ऐकून आमची नात अवनी म्हणाली, "आजी, आप तो छा गईं!" मला मुळीच संकोच वाटला नाही.

तुझ्याहून वाईट गुडघ्यांची मी तिथवर चढले कशी, हे तू आता विचारशील. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी साताऱ्याला बहिणीकडे गेलेच नव्हते. व्हिडिओ चालत नाही म्हणत तुझ्याशी बोलायचे ती इथल्या हॉस्पिटलच्या कॉटवरून. दोन्ही गुडघे बदलून घेतले. काही झालं तरी गुडघ्याला सुरी लावून घ्यायची नाही, अशी आपण एकमेकींच्या हातावर हात ठेवून घेतलेली शपथ मी मोडली, आणि लाजेपायी वर्षभर लपवली. खोटं सांगत नाही, पहिले दहा दिवस डॉक्टरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग चालायला लागले. तुझी ऑपरेशनची तारीख सतरा आहे आणि तू ती तिसऱ्यांदा रद्द करायला निघाली आहेस, हेही मला माहीत आहे. करू नकोस. मी पंधराला कोल्हापुरात पोहोचतेय. तुला हवं तेवढं घाबर, मी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत हात सोडणार नाही. शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी. तू फक्त चालून दाखव.

तुझीच, तुझ्याशी वर्षभर खोटं बोललेली,
विजया