मोंबाशाचे पोळे आणि मामांची सरपंचकी

कोळीवाड्याचे सरपंच, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, होळीच्या पहिल्या नारळाचे मानकरी आणि या सगळ्याच्या आधी माझ्या आईचे सख्खे भाऊ, तीर्थरूप हरेश्वरमामा यांच्या पायांवर भाचा हिरामण याने डोकं ठेवलं आहे असं समजावं. (तोंडावर मी तुम्हांला ‘अरे मामा’ म्हणतो, पण तिसरीत नापास झालेल्या माणसाने निदान कागदावर तरी मान ठेवावा.) मी खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे, वेणूमामीचा राग कसा आहे (दोन्ही थंडीत वाढतात), आणि नव्या होडीच्या तळातून अजून पाणी येतं का, की तुम्ही लोकांना सांगता तसं ती मुद्दामच ओली ठेवली आहे?

तुमचं पत्र मिळालं. शिमग्यानंतर पंचायतीचं मतदान आहे, वरच्या आळीचा अंबाजी यंदा तुमच्या विरोधात उभा आहे, आणि तुम्ही भर सभेत घरटी एक पोरगा आफ्रिकेला धाडायचा शब्द देऊन बसला आहात, हे सगळं समजलं. त्या शब्दावर गावातल्या सदा आणि रघू यांनी दिवाळीपासून होडीवर जाणं सोडलं, पँटी शिवल्या आणि आता ते बूट घालून वाळूतून चालायचा सराव करतात, हेही समजलं. (आफ्रिकेत वाळूतून बूट घालून कुणी चालत नाही. अनवाणीच चालतात, आपल्यासारखे.) पुढे तुम्ही लिहिता की त्या दोघांच्या नावाने नोकरीच्या चिठ्ठ्या धाड, खऱ्या जमत नसतील तर शिक्का असलेला कुठलाही इंग्रजी कागद धाड, मतदान होईस्तोवर दाखवायला. आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात, की चिठ्ठ्या आल्या नाहीत तर नलूसाठी दुसरीकडे बघावं लागेल. नलू तुमची मुलगी, आणि पाळण्यात असल्यापासून मला दिलेली. हे तुम्हांला सांगायची गरज नाही, पण निवडणुकीत माणूस विसरतो म्हणून लिहून ठेवतो.

तर मामा, उत्तर आधी देतो आणि कारण मागून सांगतो, नाहीतर तुम्ही मधेच चष्मा काढाल. चिठ्ठी येणार नाही. खरी नाही आणि खोटीही नाही. आणि नलूशी लग्न मीच करणार. यात बदल नाही. आता कारण.

मी गेलो तेव्हा गोष्ट सोपी होती. गलबतावर खलाशी म्हणून मोंबाशाला उतरलो, होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कच्छी शेठने माझ्या हातातला लाकूड तासायचा वाकस चालताना बघितला, कचेरीत जाऊन कुणाला तरी सलाम केला, आणि मी राहिलो. परवाने तेव्हाही असायचे म्हणतात, पण ते कुणी मागत नसे, आणि न मागितलेली वस्तू आपण कशाला दाखवावी. तुम्ही तेवढ्यावर मागची निवडणूक जिंकलात. गावासाठी काय केलं असं कुणी विचारलं की तुम्ही समुद्राकडे बोट दाखवायचात आणि लोक माना डोलवायचे, कारण त्या बोटाच्या टोकाला कुठेतरी मी होतो.

मग नाताळच्या आधी तिकडच्या सरकारचा नवा कायदा लागू झाला. देश त्यांचा, तेव्हा काम आधी त्यांच्या माणसाला. परक्याला ठेवायचं तर परवाना हवा, आणि हे काम करणारा देशी माणूस मिळत नाही हे शेठने पटवून द्यायला हवं. मला यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही. (आपल्या बंदरासमोर परक्या होड्यांनी जाळी टाकली तेव्हा तुम्ही काय काय बोललात ते मी ऐकलंय. तिकडचं सरकार त्या मानाने फार सभ्य बोललं.) फरक एवढाच, की काल जे कुणी मागत नव्हतं ते आज बंदरावर, बाजारात, चहाच्या दुकानात मागायला लागले. शेठ म्हणाला, जा कचेरीत आणि रांगेत उभा राहा.

कचेरीतला कारकून उंच, शांत, शर्ट असा पांढरा की मामींच्या हातचा धुतलेला वाटावा. मी विचारलं, माझं काम कधी? तो म्हणाला, केशो. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. आत कुणी केशव आहे, म्हणजे नक्की आपल्याकडचा, रोह्याचा नाहीतर माणगावचा, ओळख निघेल, काम होईल. दुसऱ्या दिवशी मी दारातच शिपायाला विचारलं, केशो? त्यानेही केशो म्हणत बाहेर बोट दाखवलं. मी बाहेरच्या आंब्याखाली केशवची वाट बघत बसलो. जो मराठी वाटेल त्याला विचारत होतो की तुम्ही केशव का. शेवटी कारखान्यातल्या सुताराने हसत हसत सांगितलं की तिकडच्या भाषेत केशो म्हणजे उद्या. (आता तुम्ही म्हणाल, एवढे दिवस राहून एवढंही कळलं नाही? मामा, आमच्या कारखान्यात उद्या आणि हळू हे दोन शब्द शेठ कुठल्याच भाषेत उच्चारू देत नाही. ते माझ्या कानावर पडणार कुठून?)

खरा घोटाळा पुढे झाला. त्या दिवशी रांगेत रेटारेटी होती, मी दोन माणसांच्या काखेतून कागद पुढे केला, तर कारकुनाने हात वर केला आणि हसून म्हणाला, पोळे पोळे. मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या मुलखात, सरकारी टेबलामागून, एक माणूस आपण होऊन आपल्या तांदळाच्या पोळ्यांचं नाव घेतो. मला वाटलं, केशव नसेल, पण कुणीतरी कोकणी माणूस माझ्या आधी इथे येऊन गेला आणि चव लावून गेला. मोंबाशाला तांदूळ भरपूर, नारळ तर आपल्याहून जास्त. सकाळी उठून पातळ, जाळीदार पोळे घातले, नारळाच्या दुधात गूळ कालवला आणि डबा नेऊन टेबलावर ठेवला. तो गोंधळला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग एक खाल्ला. मग शेजारच्या टेबलाला बोलावलं. डबा रिकामा परत आला, माझा कागद मात्र तिथेच राहिला, तेव्हा मी समजलो की काम झालं. रांगेतलेही तसंच समजले. दुसऱ्या दिवशी एका गुजराती म्हाताऱ्याने ठेपले आणले, एका सरदारजीने कसलं तरी लोणचं आणलं, आणि चौथ्या दिवशी कचेरीच्या दारावर पाटी लागली की अर्जासोबत खाद्यपदार्थ आणू नयेत. असा एक नियम माझ्यामुळेही झाला आहे. तिसरी नापास माणसाने आणखी किती राजकारण करायचं?

मग एक दिवस कारकुनाने मला बोलावलं, कागद परत हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाला, पोळे साना. मी म्हटलं, बरोबर आहे. दारावर पाटी आहे, मोठे पोळे आणले तर दिसतील, म्हणून सान सान आण म्हणतोय. दुसऱ्या दिवशी बंद्या रुपयाएवढे पोळे घालून रुमालात बांधून नेले. त्याने एक खाल्ला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परत तेच म्हणाला. मी म्हटलं, याहून सान नाही जमायचे. तेव्हा सुतारालाच बरोबर नेलं, आणि त्याने तिथेच टेबलापाशी फोड करून सांगितली. पोळे पोळे म्हणजे हळूहळू, घाई नको. पोळे साना म्हणजे फार वाईट वाटतं. कागद नामंजूर झाला होता. तो बिचारा दोनदा दिलगिरी सांगत होता आणि मी त्याला वाढत होतो.

शेठकडे गेलो, तर शेठच सामान बांधत होता. त्याने तिकडचा नागरिक व्हायचा अर्ज कधी केलाच नव्हता, इंग्रजी पासपोर्टावर निवांत होता. आता सगळे तसले लोक विलायतेच्या विमानाला धावतायत, आणि ही गर्दी बघून विलायतही दार लोटायच्या बेतात आहे म्हणतात. कारखान्याला कुलूप. चिठ्ठी लिहिणारा हात राहिला नाही आणि ठेवून घेणारी जागाही राहिली नाही. तिकडे एका साहेबाने सही केली, आणि तिची शाई थेट तुमच्या पांढऱ्या टोपीवर उडाली ती अशी.

आता माझं ऐका. सदा आणि रघू माझ्याबरोबर होडीवर वाढलेले. खोटा कागद घेऊन ते मुंबईच्या धक्क्यावर जातील, तिथला शिपाई कागद उलटा करून बघेल, आणि त्यांना चौकीत बसवील. तुम्ही तोपर्यंत गुलाल उधळून मोकळे झालेले असाल. असलं काम माझ्या हातून होणार नाही. तुम्ही सभेत उभे राहा आणि सरळ सांगा की आफ्रिका बंद झाली, पोरांनी होडीवर चला. हराल असं मला वाटत नाही. हरलात तरी मामाच राहाल. पण मी जिथे बसलो आहे तिथून तुमचं उत्तर आल्याशिवाय हलणार नाही, हे पक्कं समजा.

थोरांना नमस्कार, धाकट्यांच्या पाठीत एकेक प्रेमाची थाप, आणि तुमच्या गुडघ्याला माझ्याकडून तेल.

तुमचा भाचा, आणि तुम्ही काहीही लिहिलंत तरी जावई,
हिरामण

ता. क. — मी बसलो आहे ते बोर्ली पंचतनला, दयारामच्या चहाच्या दुकानात. आगबोटीने मुंबई, मुंबईहून माणगाव आणि तिथून एस्टीने इथवर आलो. घरी थेट आलो असतो, पण मग तुम्ही मला माळा घालून, नारळ देऊन, आफ्रिकेचे पाहुणे म्हणून गावभर फिरवलं असतं, आणि माझं बोलणं ढोलात बुडालं असतं. म्हणून आधी पत्र.

ता. क. दुसरं — सदा आणि रघू बाजाराला आले होते, त्यांना मीच सगळं सांगितलं. सदा म्हणाला, ‘मंग आमी ह्ये बूट खारवायचं काय?’ रघूने आधी माझ्या बशीतली भजी संपवली, मग बोलला. दोघे उद्यापासून होडीवर जातात. अंबाजीही येऊन गेला. पोळ्यांची गोष्ट ऐकून खाली बसेस्तोवर हसला आणि म्हणाला, रविवारी माझ्या सभेत सांग. मी अजून हो म्हटलेलं नाही. गोष्ट मी सांगणारच आहे मामा, ती आता झाकून राहत नाही. तुमच्या सभेत तुमच्या शेजारी उभा राहून सांगायची की अंबाजीच्या, एवढंच तुम्ही नलूच्या बाबतीत हो म्हणता का त्यावर आहे.

ता. क. तिसरं — पत्र तुमच्या शेजारच्या गोदूबाईच्या पाटीतून धाडतो आहे, मासळीचा वास आला तर माफी. मामींच्या पाटीतून धाडणार होतो, पण त्या मासळी विकून घरी परतायच्या ऐवजी इथेच बसल्या आहेत. नलूही इथेच आहे, कोळंबी सोलते आहे आणि मान वर करत नाही, पण हसते आहे हे खांद्यांवरून कळतं. मामींनी तुमच्यासाठी निरोप सांगितलाय, तो त्यांच्याच शब्दांत लिहितो: ‘घरी चूल पेटवलेली न्हाय. भूक लागंल तवा होय म्हनायला बोर्लीला ये.’