पीटीच्या तासाच्या चिठ्ठ्या

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आता, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तुझ्यावर रागावले आहे. राग खरा की खोटा, हेही मला कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. परळच्या एका मैदानावर सकाळी बायकांचा व्यायामवर्ग भरतो, तिथे जायला लागले. पहिल्या दिवशी ओढणी घट्ट लपेटून सगळ्यात मागे उभी राहिले. आता आठ महिने झाले. वजन म्हणशील तर दोन किलो उतरलं, तेही मध्येच परत चढतं. ऑफिसातली एकजण म्हणाली, "मग कशाला जातेस गं उगाच?" झोप लागते, साहेब ओरडले तरी ड्रॉवरमधल्या फरसाणाकडे हात जात नाही, ग्रुप फोटोत मी कुणाच्या मागे दडत नाही. हे काट्यावर दिसत नाही, तर कुणाला दाखवू? आणि एवढं बरं वाटत असताना गेल्या महिन्यात उठाबशा काढता काढता मी एकदम रडायला लागले. शिकवणाऱ्या मॅडम शेजारी येऊन बसल्या. "होतं असं. काय आठवलं?" मी म्हटलं, काही नाही. आठवली होतीस तू.

चिंचपोकळीच्या खोलीत तू ओट्याशी उभी आहेस. एका हाताला भाकरीचं पीठ, दुसऱ्या हाताने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहितेस, 'तब्येत बरी नसल्यामुळे हिला आज खेळायला लावू नये.' दर गुरुवारी, पीटीच्या तासाला. ही चिठ्ठी मी कधी मागितली नव्हती. सातवीत एकदा मी म्हटलं, "आई, आज खो-खो आहे, मला खेळायचंय." तू केवढ्याने ओरडलीस! "धावायचं नाही म्हणून सांगितलं ना? लोकांना तमाशा दाखवायचाय?" मी पायरीवर बसून बाकीच्यांच्या चपला सांभाळल्या. तेव्हापासून मला वाटत आलं, माझं शरीर तुला लाज आणतं.

मैदानावर रडले त्याच रविवारी मावशीकडे गेले आणि विचारलं, आई मला खेळू का देत नव्हती? मावशी म्हणाली, "तिका शाळेत धावताना पोरां हसली होती गो. तुझ्यासारखीच होती ती, अंगान भरलेली. त्याच दिवशी शाळा सोडल्यान. कोणाक सांगू नको म्हणान माका शपथ घातलेली." आणि आम्हाला तू सांगायचीस, धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळा सोडली.

तेव्हापासून माझं काहीच ठरत नाही. तू मला वाचवत होतीस, हे कळतं. पण ज्याच्यापासून वाचवलंस, त्यातच मला इतकं हलकं वाटतं, त्याचं काय करू? तुला कुणी एकदा तरी धावू दिलं असतं तर? राग धरायला गेले की तू शाळेत धावणारी दहा-अकरा वर्षांची पोर होतेस, आणि अशा मुलीवर रागावणार कशी?

परवा वर्गाने बायकांची शर्यत ठेवली, मैदानाला दोन फेऱ्या. मी शेवटची आले. बाकीच्यांचं पाणी पिऊन झालं तरी माझी अर्धी फेरी उरली होती. कठड्यावर बसलेली पोरं टाळ्या वाजवत होती. कौतुकाने की चेष्टेने, कळलं नाही. थांबावंसं वाटलं. पाय मात्र थांबले नाहीत. रेषेपाशी पोचले तेव्हा घशात कडू आलं होतं आणि मी हसत होते. घरी येऊन पुन्हा रडले. का, ते विचारू नकोस.

हे पत्र कुठे टाकणार? राहील माझ्याकडेच. एक सांगायचं राहिलं. शर्यतीनंतर मॅडमनी विचारलं, "घरी पहिल्यांदा कोणाला सांगणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आईला." त्या म्हणाल्या, "मग एक दिवस त्यांनाही घेऊन या." मी बरं म्हटलं.