गाठ नसलेली साडी

हैदराबाद

आईस,
तेजूचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतंय. आप्पांचा गुडघा कसा आहे?

परवा फोनवर तू घरातले दोन्ही माग विकल्याचं सांगितलंस आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. खरं सांगते, काहीच वाटलं न्हाय. लगेच कामाला बसले.

सध्या काम म्हणजे गेममधल्या बाईची साडी कॉम्प्युटरवर रंगवायची. दोन प्रोग्राम आहेत, त्यातला चांगला कुठला ते सरांना सांगायचंय. पहिल्याचा ब्रश लई गुळगुळीत, कापड प्लास्टिकच्या पिशवीगत दिसतंय. दुसऱ्याचा खरखरीत आहे, सूत उठून दिसतं, पण तेच धागे परत परत येतात. कुठं तुटलेला धागा न्हाय, आप्पा मागावर धागा तुटला की मारायचे तसली गाठ न्हाय. म्हणून एक गाठ मी हातानं काढली. सर म्हणाले, "तो डाग पुसून टाक." पुसला.

मी बोलायला लागले की ऑफिसातले सगळे वळून बघतात. मागाच्या आवाजात वाढलेली मी, मला हळू बोलायलाच येत न्हाय.

आई, आता घरात आवाज नसेल. तू आणि आप्पा अजून ओरडूनच बोलताय व्हय? का बोलतच न्हाय?

तुझी,
तेजस्वी