धोंडीरामदादाची माती

पाली, आश्विन शु. ९, शके १८३०

ती. केसरआक्कास, गहिनीनाथचा सा. न. वि. वि.

पूर आला तेव्हा मी कपिलधारेला गेलतो. तिथं माकडानं माझं पागोटं पळवलं, लई हसलो. ते राहू दे. आक्का, धोंडीरामदादा गेला. अन् त्याची माती बसप्पांनी केली.

हो, त्याच बसप्पांनी. परसाल पाटाच्या पाण्यावरून तलवारी चालल्या, आपला चुलता अन् त्यांचा भाऊ पडला, तेच घर. पुरात सापडलेल्या देहाचं तोंड ठेचलेलं, गळ्यात लिंगायतांचं लिंग. आपलाच पोरगा बसवराज समजून त्यांनी त्यांच्या रीतीनं मांडी घालून पुरला. चौथ्या दिवशी बसवराज जिता परतला. म्हणाला, दोघं एकाच बाभळीवर होतो. माझा हात मोडला, लिंगाचा दोरा तुटला, तर धोंडीरामनं ते आपल्या गळ्यात बांधलं अन् मला वर ढकललं. मग फांदीच मोडली. लिंगाशिवाय त्यांना घास वर्ज्य. बसवराज चार दिवस उपाशी होता.

आबा म्हणतात, उकरून अग्नी देणार. बसप्पा समाधीला हात लावू देत न्हाईत. दोन्हीकडं कुऱ्हाडी निघाल्यात. आबा तुझंच ऐकतील.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
गहिनीनाथ

तलवाडा, आश्विन शु. ११

चि. गहिनीनाथास आशीर्वाद.

आधी माकड, मग भाऊ. काय म्हणावं तुला. दादाला अग्नी मिळालाच पाहिजे. पण आबांनी कुऱ्हाड ठेवून एकट्यानं जावं, बसप्पांच्या बायकोकडं, मल्लम्माकडं मागावं. आई हाय, न्हाई म्हणायची न्हाई. मला आणखी कुणाला रडायची ताकद उरली न्हाई.

जिवाला जपा.
केसरबाई

पाली, आश्विन शु. १३

ती. आक्कास सा. न.

आबांनी दादाला मागितलं. मल्लम्मा म्हणाल्या, न्या, पण ऐकून न्या. आंघोळ घालताना त्यांना दंडावरचा वण दिसला, परसालचा, त्यांच्याच दिराच्या तलवारीचा. हा धोंडीराम, हे तेव्हाच कळलं. गळ्यात पोराचं लिंग, म्हणजे ह्यानंच पोराला मारलं, असंच वाटलं. तरी वणावर विभूती फासली अन् बसवराज म्हणून रडल्या. खरं सांगितलं असतं तर बसप्पा त्याच दिवशी तलवार घेऊन आपल्या दारात आले असते. बसप्पांना हे आत्ताच कळत होतं.

आबा म्हणाले, "त्याला आता उठवू नका."

घरी आपल्या आईला मीच सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, आंघोळीचं पाणी कढत होतं का. मला काय ठाऊक? मल्लम्मांना विचारायला ती आत्ता स्वतःच निघालीय. मी सोबत जातो.

माया असू दे.
गहिनीनाथ