आमच्या भिंतीवर मुक्कामाला आलेला डोंगर

प्रिय क्षिप्रा,

व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू नेहमीसारखा अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस, म्हणून हे कागदावर. फर्गस अंकलच्या प्रदर्शनाचं विचारलं तर तुझं उत्तर काय, ‘नॉट गोइंग, लाह.’ शेपटीला इथल्या बोलीतलं ते ‘लाह’, बस्स! अगं, तुझ्या एडिंबराहून इन्व्हरनेसला आगगाडीने साडेतीन-चार तास. प्रदर्शन तिथे महिनाभर आहे, म्हणजे तुझ्या हातात चार शनिवार आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने स्वतःच्या हाताने निमंत्रणाच्या पाकिटावर तुझं नाव लिहिलंय आणि हे आपलं शेवटचं प्रदर्शन असं तेच सांगतायत. तू का जात नाहीस ते मला पक्कं ठाऊक आहे. तरीही तू जायला हवंस.

त्यांची सगळी कहाणी तुला ठाऊक नसेल. शेजारी राहून चहाच्या कपागणिक ती मी ऐकलीय. मेंढपाळाचा मुलगा. वडील कुत्रा घेऊन डोंगर चढायचे आणि हे खाली बसून दगडावर खडूने तोच डोंगर काढायचे. ग्लासगोत कलाशिक्षण झालं, तिशीत थोडंफार नावही झालं आणि तेवढ्यात तिकडच्या लोकांना डोंगर नकोसे झाले. सगळ्यांना चौकोन नि ठिपके हवे होते. हे मात्र डोंगरच काढत बसले, हट्टी माणूस! चाळिशीत दोन वर्षं शिकवायला म्हणून इथे आपल्या बारमाही उकाड्यात आले, लिलीआंटीच्या प्रेमात पडले आणि क्वीन्सटाउन वस्तीतल्या आपल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर तीस वर्षं राहिले. अंगात गंजी, डोक्यावर गरगरणारा पंखा, खाली एमआरटी मेट्रोची घरघर आणि कागदावर थंडगार धुकं. इथलं काही काढावंसं वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, इथलं रोज दिसतं. जे दिसत नाही ते काढावं लागतं. मी आणखी चहा ओतला.

त्यांची ती पद्धत आठवते? चित्र पुरं झालं की ते स्वतःच्या घरात ठेवायचेच नाहीत. समोर असलं की हात शिवशिवतात, म्हणायचे. मग ते चित्र आपल्या हॉलमध्ये मुक्कामाला यायचं, काच नाही, चौकट नाही, जलरंगाचा कागद नुसता पुठ्ठ्यावर ताणलेला. दर रविवारी पाच वाजता येऊन अर्धा तास त्याच्याकडे बघत बसायचे. तीन महिने खटकलं नाही तर खाली सही. तूही शेजारी मांडी घालून तशीच बघायचीस. या मुलीला नजर आहे, हिला आठवड्यातून दोन संध्याकाळी माझ्याकडे पाठवा, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी मान डोलावली आणि तुला गणिताच्या ट्यूशनला घातलं. पीएसएलई, सहावीची ती मोठी परीक्षा, वर्षावर आलेली, बाकी काही सुचतच नव्हतं मला.

मग ती वसुबारस. तू अकरा वर्षांची. भिंतीवर त्यांचं सगळ्यांत मोठं चित्र होतं, डोंगरावरून उतरत येणाऱ्या पावसाचं. वीस वर्षांत पहिल्यांदाच एडिंबराच्या एका गॅलरीने त्यांना बोलावलं होतं आणि हेच चित्र मधोमध लागणार होतं. संध्याकाळी ते गरम चकली चाखायला आले आणि दारातच थबकले. धुकं गायब. त्या जागी नुसता राखाडी फराटा. आणि तू हुंदके देत सांगून टाकलंस की दुपारी ओल्या ब्रशने तू त्यावर एक मेंढी काढली होतीस, तूच चित्राची वाट लावलीस. ते तुझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. गॅलरीचं प्रदर्शन त्या चित्राशिवायच झालं आणि पुन्हा तिथून बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी लिलीआंटी वारल्या आणि ते गावी परतले. तू तर दुसऱ्याच दिवशी रंगपेटी खालच्या संजीवनीच्या मुलीला देऊन टाकलीस. नंतर कधी हातात ब्रश धरला नाहीस. क्षिप्राला आता आवड राहिली नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले.

क्षिप्रा, तुझी मेंढी करंगळीच्या नखाएवढी होती, खाली कोपऱ्यात. तू खेळायला गेल्यावर मी दिवाळीची शेवटची साफसफाई काढली. पंखे पुसले, देवांच्या तसबिरी पुसल्या आणि त्याच ओल्या फडक्याने चित्रावरची धूळही पुसली. मी पुसलं, बाळा. तू रडत होतीस तेव्हा मी चकल्यांचं ताट धरून उभी होते आणि गप्प राहिले. आधी घाबरले म्हणून. मग मनात आलं, बरं झालं, आता तरी अभ्यासाला लागेल. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण खरं तेच आहे. चौदा वर्षं मी तुला ते ओझं वाहू दिलं. काल धीर करून मी फर्गस अंकलना फोन केला. वाटलं, त्यांच्यापाशी कबूल केलं की सुटले. तुला काय ते तेच सांगतील. त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं म्हणे. जेवणाचं टेबल पुसावं तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत लहान मुलीचा हात फिरत नाही, म्हणाले. मग त्यांनी एवढंच विचारलं, हे क्षिप्राला माहीत आहे का? मी नाही म्हटलं. तेव्हा म्हणाले, मग मला कशाला सांगतेस? आणि फोन ठेवला.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
आई