खोलीची वरची झडप

नाशिक, ऑगस्ट १९९८

प्रिय मोहिनी,

इगतपुरीहून परतल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. बाळाचं नाक थेट आपल्या बाबांचं आहे, हे सांगायचंही राहून गेलं. तिथे पोचल्या पोचल्या मी स्टुलावर चढून तुझ्या खोलीची वरची झडप उघडली आणि सगळंच बिनसलं. ‘लय शहाणी तुझी बहीण, बाळंतिणीला वारा लागला म्हंजे?’ असं सासूबाई तुला म्हणाल्या, ते मी ऐकलं. मला राग नाही. माहेरी आई नाही म्हणून पहिलं बाळंतपणही त्यांनीच अंगावर घेतलं. शेक काय, लाडू काय, शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी वाळवणं काय. तिथल्या पावसात दुसरं करणार तरी काय! पण निघताना मागे वळून पाहिलं, तर झडप बंद आणि फटीत चिंधी कोंबलेली.

काल सातवीच्या मुलींना अभिसरण शिकवलं. लोखंडाची सळई जागची न हलता उष्णता पुढे देते. पाणी आणि हवा मात्र तापली की स्वतःच वर जातात, गार असेल ते खाली येतं. डब्याला वर दोन भोकं, एकाखाली मेणबत्ती, दुसऱ्यावर उदबत्ती. धूर खाली उतरून मेणबत्तीवरून बाहेर पडला, तशा मुली खूश. एकीने गंमत म्हणून दोन्ही भोकांवर तळवे ठेवले. ज्योत बारीक होत विझली आणि मला पुढे शिकवता येईना. हस माझ्या मास्तरीणपणाला. पण बंद खोलीत शेगडीचा विषारी वायू साठतो. लाल निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. नुसतं डोकं जड होतं आणि झोप येते. डोकं दुखतंय असं तू मला दोनदा म्हणालीस, मोहिनी. शेगडी आजच्या आज खोलीबाहेर काढ आणि झडप उघड. सासूबाई रुसल्या तर रुसू देत.

ऐकल्या नाहीत, तर हे त्यांना वाचून दाखव. आई तापाने गेली असं आम्ही तुला सांगत आलो. तुझ्या वेळच्या बाळंतपणात आई गेली, हे तुझ्या मनाला लागू नये म्हणून बाबा हयातभर गप्प राहिले आणि मलाही गप्प ठेवलं. ताप नव्हता गं. तू झालीस तेव्हा पेठच्या घरीही असाच पाऊस होता. आजीने मायेनेच दारं-खिडक्या लावून बाजेखाली शेगडी ठेवली होती. सकाळी तुझं रडणं थांबेना म्हणून मी दार ढकललं. आई बाजेवर निजलेली, उठलीच नाही. तू खाली, दाराशी गोधडीवर होतीस, फटीतून येणाऱ्या गार हवेत. बाजेवर बाळाला फार उकडतंय असं वाटून तिनेच तुला तिथे निजवलं असणार.

तुझीच,
उज्वलाताई